घरची खरेदी आणि घासाघीस : भाव कुठवर पाडावा?

दिवसभर दुकानात बसून सुताच्या भावात किलोमागे एका रुपयासाठी तासभर बोलणारा व्यापारी संध्याकाळी घरच्यांबरोबर कपाट घ्यायला जातो. दुकानदार सोळा हजार सांगतो. आपले व्यापारी बंधू पाचशे कमी करून घेतात आणि लढाई जिंकल्यासारखे घरी येतात. दुसऱ्या दिवशी शेजारी सांगतो, तेच कपाट त्याने साडेतेरा हजारांना आणले. असे आमच्या बाबतीत अनेकदा झाले आहे, आणि वाचकांपैकीही बऱ्याच जणांच्या बाबतीत झाले असेल.

याचे कारण साधे आहे. आपल्या धंद्यातला माल आपल्याला कळतो, दुसऱ्याच्या धंद्यातला कळत नाही. घासाघीस तोंडाच्या जोरावर होते असा लोकांचा समज आहे. खरे पाहता ती माहितीच्या जोरावर होते. ज्याला मालाची पडत किंमत, माप, वजन आणि हंगाम ठाऊक आहे, त्याला फार बोलावे लागत नाही. कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिले, त्यातले कामाचे तेवढे या लेखात धड्यासारखे मांडत आहोत. शेवटी एक प्रश्न आहे, तो आपल्या सर्वांच्या इमानाचा आहे. तो वाचल्याशिवाय लेख बाजूला ठेवू नये, ही विनंती.

सांगितलेल्या भावात काय काय असते?

दुकानदार जो भाव सांगतो त्यात मालाची खरेदी, गाडीभाडे, हमाली, दुकानाचे भाडे, वीज, नोकरांचा पगार, कर, उधारीत अडकलेल्या पैशाचा भार, न खपणाऱ्या मालाची तूट आणि नफा, एवढे सगळे असते. त्याच्यावर आणखी एक थर असतो, तो म्हणजे गिऱ्हाईक कमी करायला लावणार म्हणून आधीच वाढवून ठेवलेली रक्कम. शहाण्या गिऱ्हाइकाचा हक्क या शेवटच्या थरावर असतो. त्याखालचे थर खरवडायला गेलात, तर दुकानदार माल बदलतो किंवा तोंड फिरवतो.

जुन्या दुकानांत कापडाच्या चिठ्ठीवर दोन-तीन अक्षरे लिहिलेली असत. गिऱ्हाइकाला ती निरर्थक वाटत. दहा वेगवेगळी अक्षरे असलेला एखादा शब्द किंवा अक्षरांचा गट दुकानदार ठरवून ठेवी. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, शेवटचे म्हणजे शून्य. चिठ्ठीवरच्या अक्षरांवरून नोकराला खरेदीभाव समजे आणि कुठवर खाली यायचे ते तो ओळखे. बैलबाजारात तर उपरण्याखाली हात घालून बोटे दाबत भाव ठरवण्याची रीत होती, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळू नये. भाव ही झाकून ठेवण्याची वस्तू आहे, असाच जुना दस्तूर होता.

ठरलेला भाव लिहून ठेवण्याची पद्धत त्यामानाने नवी आहे. पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या दुकानात आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ नंतर ती रूढ केली आणि मोठ्या दुकानांनी पुढे ती उचलली. आपल्याकडे ‘एकच भाव’ अशी पाटी लावणारे दुकानदार आहेतच. अशा पाटीखाली उभे राहून हुज्जत घालू नये. पटले तर घ्यावे, नाही तर सलाम करून पुढे जावे.

घासाघीस कुठे चालते, कुठे चालत नाही

पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्यात सर्व कर धरलेले असतात. त्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही, मात्र कमी घेता येते. अनेक लोक छापील किंमत म्हणजे विक्रीची किंमत समजतात. ती फक्त वरची मर्यादा आहे. मिक्सर, पंखा, कुकर, शीतकपाट यांच्या पेटीवर छापलेली किंमत आणि बाजारातला भाव यांत बरेच अंतर असते. म्हणून ‘छापील किमतीवर वीस टक्के सूट’ ऐकून खूश होऊ नये. दुसऱ्या दोन दुकानांत तीच वस्तू कितीला मिळते, ते आधी पाहावे.

सुटे कापड, पडदे, गाद्या, लाकडी सामान, लोखंडी कपाटे, हातची भांडी, जुने सामान, शिवणकाम, रंगकाम यांत घासाघिशीला भरपूर जागा असते. सोन्यात सोन्याच्या भावावर बोलून उपयोग नाही, बोलायचे ते घडणावळीवर. तांब्या-पितळेच्या भांड्यातही धातूचा भाव वजनावर आणि मजुरी वेगळी असते. म्हणून दोन्ही आकडे सुटे विचारावेत. जुनी भांडी मोडीत द्यायची असतील, तर नव्या भांड्याचा भाव पक्का झाल्यावर मोडीचा विषय काढावा. दोन्ही एकत्र केले की एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने काढून घेतली जाते.

घरून निघण्यापूर्वी

१) कागदावर यादी आणि मापे लिहावीत. खिडकीची उंची-रुंदी, पलंगाची लांबी, दाराची आणि जिन्याची रुंदी. माप न घेता गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार जास्तच कापड देणार.

२) खिशात मोजपट्टी ठेवावी. हिच्याइतके स्वस्त आणि कामाचे हत्यार दुसरे नाही.

३) आपली वरची मर्यादा घरीच ठरवावी आणि ती दुकानात बोलू नये. दुकानदाराने ‘बजेट किती?’ असे विचारले, तर ‘आधी माल दाखवा’ एवढेच म्हणावे. बजेट सांगितले की त्याच आकड्याचा माल समोर येतो.

४) पहिल्या दिवशी फक्त पाहावे. तीन दुकाने फिरून भाव, माप आणि नमुन्याचा क्रमांक टिपून घ्यावा. आजकाल मोबाइलवरही भाव दिसतो, तोही पाहावा. पण नमुना क्रमांक तोच आहे का, घरपोच, जोडणी आणि दुरुस्ती कोण करणार, हे ताडून पाहिल्याशिवाय तो आकडा दुकानदाराच्या तोंडावर फेकू नये.

५) वेळ निवडावी. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आठवड्यात भाव करायला गेलेला माणूस स्वतःलाच फसवतो. दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, तो तुमच्या पाचशे रुपयांसाठी का बोलेल? सण उलटल्यावर, पावसाळ्याच्या मंदीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे. सण संपला की कापडाच्या दुकानात कटपीस आणि तुटक्या जोड्यांचा ढीग पडतो. उशांची अभ्रे, मुलांच्या खोलीचे पडदे, दस्तरखान यांसाठी तो माल उत्तम असतो.

माप, वजन, पोत : खरा भाव इथे कळतो

आता थोडा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, रीत मात्र पक्की आहे.

टॉवेल : तीस इंच रुंद, साठ इंच लांब असे दोन टॉवेल समोर आहेत. एक २५० रुपयांचा, दुसरा २१० रुपयांचा. दिसायला सारखे. वजन केले तर पहिला ४५० ग्रॅम भरला, दुसरा ३५० ग्रॅम. म्हणजे पहिला किलोला सुमारे ५५६ रुपये पडला आणि दुसरा ६०० रुपये. चाळीस रुपये ‘वाचवणाऱ्याने’ महाग माल घेतला. सोलापुरी टॉवेल आणि चादरींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण नाव सोलापूरचे आणि माल भलत्याच ठिकाणचा, असेही बाजारात होते. म्हणून नावाच्या जोडीला वजन पाहावे. चादर हातात घेतली की तिचा भार जाणवला पाहिजे.

पडद्याचे कापड : एकाचा पन्हा ४८ इंच, भाव मीटरला १२० रुपये. दुसऱ्याचा पन्हा ५४ इंच, भाव १३० रुपये. पहिले इंचाला अडीच रुपये पडले, दुसरे साधारण दोन रुपये एक्केचाळीस पैसे. खिडकीच्या मापात रुंद पन्हा बसत असेल, तर १३० चे कापड स्वस्त आहे. पन्हा न विचारता भाव करणे म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणे होय.

गज आणि मीटर : कायद्याने माप मीटरचेच आहे, पण बाजाराच्या तोंडी गज अजून आहे. गज म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे जवळपास साडेएकोणचाळीस इंच. कुणी गजाला ९० रुपये सांगितले, तर मीटरला ९८ रुपयांहून थोडे जास्त झाले. शेजारचा मीटरला ९५ सांगत असेल, तर तोच स्वस्त आहे.

पोत : कापड उजेडाकडे धरावे. वीण विरळ असेल तर लगेच दिसते. दोन्ही हातांनी चोळावे. पांढरी भुकटी पडली तर खळीने अंग भरलेले आहे, एका धुण्यात कापड फडक्यासारखे होईल. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासावा, रंग लागला तर तो सोडावा. सुती म्हणून पॉलिस्टर दिले जात असेल, तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर आकसतो आणि कडक गोळी राहते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. प्रामाणिक दुकानदार धागा काढायला कधी नाही म्हणत नाही.

कपाट : लोखंडी कपाटात पत्र्याचा गेज विचारावा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. वीस गेज हा बावीसपेक्षा जाड असतो. रंग सारखाच दिसतो, म्हणून दार अंगठ्याने दाबून पाहावे. लाकडी सामानात प्लायवूड कोणत्या दर्जाचे ते विचारावे. स्वयंपाकघर आणि न्हाणीजवळ पाण्याला टिकणाराच दर्जा लागतो. साधा दर्जा कोरड्या खोलीपुरता ठीक.

बोलण्याची रीत

माहिती गोळा झाली की बोलणे सोपे होते. कपाटाचेच उदाहरण घेऊ. दोन दुकानांत वीस गेजच्या कपाटाचा भाव साडेचौदा आणि चौदा हजार ऐकून आपण तिसऱ्या दुकानात आलो आहोत.

‘याचा पत्रा किती गेजचा?’

‘वीसचा आहे, शेठ.’

‘बिलावर तसे लिहून द्याल ना? मग भाव बोला. रोख देणार, आजच उचलणार.’

‘सोळा लावलेत. तुम्हाला पंधरा.’

‘तेरा हजार.’

‘नाही परवडत, साहेब. घरातून घालावे लागतील.’

इथे गप्प बसावे. कपाटाचे दार उघडावे, खण पाहावेत. शांत राहणे पुष्कळांना जमत नाही. ते स्वतःच ‘बरं, साडेतेरा’ म्हणून स्वतःशीच भाव वाढवतात. दुकानदाराने आपला आकडा खाली आणल्याशिवाय आपण वर जाऊ नये. तो साडेचौदावर आला, की आपण साडेतेरा म्हणावे. तो चौदा हजार दोनशेवर आला, की आपण तेरा हजार सातशे. पहिली पायरी पाचशेची, दुसरी दोनशेची, तिसरी शंभराची. पायऱ्या लहान होत गेल्या की गिऱ्हाईक आपल्या टोकाला पोहोचले, हे समोरच्याला न सांगता कळते. तेरा हजार आठशेला, तिसऱ्या मजल्यावर पोहोच आणि आतला तिजोरीचा खण धरून सौदा झाला, तर दोघांचेही भले झाले.

या बोलण्यात चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, मालाला नावे ठेवू नयेत. ‘काय हा माल!’ म्हणून मग तोच मागणारा माणूस हास्यास्पद दिसतो. ‘माल चांगला आहे, पण आमच्या आवाक्यात आणा’ हे वाक्य जास्त काम करते.

दुसरी, शेजारच्या दुकानाचा खोटा भाव सांगू नये. दुकानदार रोज तो बाजार खातो-पितो, त्याला खोटे लगेच कळते. आणि कळले नाही तरी ते खोटेच.

तिसरी, आपण मागितलेला भाव त्याने दिला, की माल घेतलाच पाहिजे. अर्धा तास बोलून, आपल्याच आकड्यावर त्याला आणून मग ‘पाहू, उद्या येतो’ म्हणणे ही बाजारातली मोठी बेअदबी आहे. घ्यायचे नसेल तर आकडाच बोलू नये.

चौथी, भाव अडला की इतर गोष्टी मागाव्यात. घरपोच, जोडणी, पडद्याची शिलाई, दोन जादा अभ्रे, सहा महिन्यांनी पॉलिशचा हात. दुकानदाराला रोख शंभर रुपये सोडणे जड जाते, पण हातातले काम करून देणे हलके जाते.

शेवटी पक्के बिल घ्यावे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सगळीकडे दिसते. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, असा माल परत करता येतो. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. बिल नसेल तर सिद्ध काय करणार? तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ लक्षात ठेवावा.

हप्त्यांचा गोड सापळा

‘बिनव्याजी हप्ते’ हा आजचा मोठा मोह आहे. शीतकपाट दहा हप्त्यांत, दर महिन्याला तीन हजार, व्याज शून्य. ऐकायला फार बरे वाटते. आपण फक्त एक प्रश्न विचारावा : ‘आज सगळे पैसे रोख दिले तर किती घ्याल?’ दुकानदार सत्तावीस हजार म्हणाला, तर वरचे तीन हजार कशाचे, हे सांगायला मौलवी किंवा मुनीम लागत नाही. रोखीचा आणि हप्त्यांचा भाव खरोखर एकच निघाला तर गोष्ट वेगळी. पण आमच्या अनुभवात रोख वटाव सोडण्याच्या रूपाने ती रक्कम बहुधा गिऱ्हाइकाकडूनच जाते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये.

कारागिराशी भाव करताना

इथपर्यंतचा धडा दुकानदाराशी बोलण्याचा झाला. समोर कारागीर असला की हिशेब बदलतो. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

१९९८ साली धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी गाद्या आणि रजया भरून घ्यायच्या होत्या. एक पिंजारी ओळखीतला होता. त्या वेळी आम्ही तिशीच्या आत, धंद्यात नवीन यश मिळालेले, बोलण्यात तरबेज. त्याने सांगितलेल्या भावातून आम्ही जवळपास निम्मे उतरवले. तो खाली पाहत राहिला आणि शेवटी ‘ठीक आहे’ म्हणाला. आम्ही घरी येऊन वडिलांना मोठ्या फुशारकीने आकडा सांगितला. वडील एवढेच म्हणाले, ‘तो इतक्या लवकर हो का म्हणाला, हे विचारलंस का?’

तिसऱ्या पावसाळ्यात बहिणीच्या घरून निरोप आला. गादीत गठ्ठे झाले होते. उसवून पाहिले तर वरच्या थरात रुई आणि आत रंगीत चिंध्या पिंजून भरलेल्या. आम्ही तावातावाने त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, ‘शेठ, तुम्ही भाव केला. माल कुठला आणि किती किलो, हे तुम्ही विचारलंच नाही. त्या पैशात चांगली रुई येत नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं.’

त्याने केले ते चूकच होते. न सांगता चिंध्या भरणे ही फसवणूक आहे, गरिबी हे तिचे कारण असू शकते, सबब नव्हे. पण आमचीही चूक होतीच. कापसाचा भाव आम्हाला माहीत होता. त्या रकमेत दहा किलो रुई, खोळ आणि दोन माणसांची दिवसभराची मजुरी बसत नाही, हे आम्ही बोटांवर मोजू शकत होतो. आम्ही मोजले नाही, कारण मोजले असते तर जिंकल्याचा आनंद मिळाला नसता. आणि बहिणीला सासरी जे ऐकून घ्यावे लागले, त्याचे बिल कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.

तेव्हापासून आम्ही कारागिराशी वेगळ्या रीतीने बोलतो. आधी माल ठरवतो : रुई किती किलो, कोणत्या प्रतीची, खोळीचे कापड कोणते. शक्य तर माल आपणच आणून देतो आणि समोर वजन करतो. मग मजुरी वेगळी विचारतो. मजुरीत घासाघीस करण्यापूर्वी मनात एक भागाकार करतो : या कामाला किती दिवस लागतील, आणि दिवसाला त्याच्या हातात काय पडेल? तो आकडा आपल्या दुकानातल्या नोकराच्या रोजापेक्षा कमी निघाला, तर गप्प बसतो.

वाचकांपैकी अनेक जण स्वतः कारागीर आहेत. त्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. परवडत नसेल तर ‘नाही’ म्हणावे. ‘हो’ म्हणून मालात मारणे हा त्यावर तोडगा नाही. ‘या भावात हा माल येईल, त्या भावात तो,’ असे दोन नमुने समोर ठेवावेत. गिऱ्हाईक निवडेल आणि नाव राहील.

आपल्या शरीअतीत भावाची बोली

भाव करणे इस्लाममध्ये वाईट मानलेले नाही. फिकहच्या ग्रंथांत विक्रीचे प्रकारच सांगितले आहेत. खरेदीभाव न सांगता बोलीने ठरणारी विक्री म्हणजे मुसावमा. खरेदीभाव उघड करून त्यावर ठरावीक नफा घेणे म्हणजे मुराबहा. खरेदीभावातच देणे म्हणजे तौलिया. मुसावमात खरेदीभाव सांगण्याचे बंधन नाही, पण मुराबहात तो खोटा सांगितला तर तो विश्वासघात होतो. ‘शपथेवर सांगतो, मलाच एवढ्याला पडलंय’ असे गल्ल्यावर बसून सहज बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तुम्ही तोंडाने मुराबहाचा शब्द देत असता.

नजशची मनाई सर्वांना माहीत आहे. घ्यायचे नसताना केवळ दुसऱ्याला चढवण्यासाठी जास्त बोली बोलणे म्हणजे नजश. लिलावात आपलाच माणूस उभा करणे, किंवा ‘आत्ताच एक जण जास्त देऊन गेला’ असे खोटे सांगणे, याच जातीचे आहे. तसेच भावाचा सौदा ठरत आलेला असताना मध्ये घुसण्यासही मनाई आहे.

कापडवाल्यांच्या आवडीची एक हदीस आहे. सुवैद बिन कैस (रजि.) आणि त्यांच्या साथीदाराने हजर या ठिकाणाहून कापड मक्केत विकायला आणले होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्याकडे आले आणि त्यांनी एका इजारीचा भाव केला. सौदा झाला. किंमत तोलून देणारा माणूस तिथे होता. त्याला प्रेषितांनी सांगितले, की तोलताना पारडे झुकते ठेव. म्हणजे आधी भाव केला, आणि देताना ठरल्यापेक्षा थोडे जास्तच दिले. घासाघिशीचा सारा अदब आम्हाला या छोट्या प्रसंगात दिसतो. बोलताना बारकाईने बोला, देताना हात सैल ठेवा आणि ताबडतोब द्या.

गल्ल्याच्या या बाजूला

आता तो प्रश्न. २००४ साली एक विधवा बाई आमच्या दुकानात मुलीच्या लग्नासाठी चादरी, अभ्रे, टॉवेल असा संच घ्यायला आल्या. आम्ही बेचाळीसशे सांगितले. सांगताना सातशेची घासाघिशीची जागा ठेवलेलीच होती. त्यांनी काही न बोलता पदराच्या गाठीतून पैसे काढून मोजून दिले. त्याच आठवड्यात एका नोकरदार बाईंनी तासभर बोलून तोच संच पस्तीसशेला नेला. दोघी एकाच गल्लीत राहतात, हे आम्हाला माहीत नव्हते.

पंधरा दिवसांनी त्या बाई पुन्हा आल्या. भांडल्या नाहीत. दारातच उभ्या राहून विचारले, ‘भाई, मला भाव करता येत नाही, म्हणून माझ्याकडून जास्त घेतले का?’

आमच्याकडे उत्तर नव्हते. बाजाराचा दस्तूर आहे, सगळेच असे करतात, तुम्ही खुशीने दिले, अशी दहा उत्तरे होती. त्यातले एकही त्यांच्याकडे पाहून बोलता आले नाही. सातशे रुपये परत केले. त्यांनी घेतले, मोजले आणि निघून गेल्या. पुन्हा दुकानात आल्या नाहीत.

त्या रात्री हिशेब मांडला. बोलण्यात हुशार गिऱ्हाइकाला जी सूट आपण देतो, ती कुठून भरून काढतो? जो बोलत नाही त्याच्याकडून. आणि न बोलणारे कोण असतात? लाजाळू, अडलेले, गरजू, गावाकडून आलेले, मयताचे कफन घ्यायला आलेले. शहाण्याची सूट अडलेल्याच्या खिशातून जात असेल, तर त्या गल्ल्यात बरकत कुठून येणार?

आम्ही ‘एकच भाव’ची पाटी लावली नाही, कारण आमच्या बाजारात गिऱ्हाइकाला दोन शब्द बोलल्याशिवाय खरेदी केल्यासारखे वाटत नाही. पण चिठ्ठीवरची गुप्त अक्षरे बंद केली आणि चिठ्ठीवर भाव आकड्यात लिहू लागलो. वाढवून ठेवलेली जागा शेकड्याला पाचांवर आणली. आणि जो काहीच बोलत नाही, त्याला ते पाच आम्हीच कमी करून सांगतो. पहिल्या वर्षी नफा घटला. पुढे न बोलणारी गिऱ्हाइकेच जास्त येऊ लागली, आणि ती आपल्या लेकीसुनांना घेऊन येतात.

धड्याचा सारांश

आधी माल, मग माप, मग भाव. कराराआधी तीन दुकाने पाहावीत. खोटा भाव सांगू नये, बोललेला शब्द मोडू नये. बिल घ्यावे. दुकानदाराच्या वाढवलेल्या भागावर बोलावे, कारागिराच्या मजुरीवर बोलताना आधी त्याचा रोज मोजावा. आणि स्वतः विकायला बसलात, की जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने आपणच बोलावे.

एक सराव सुचवतो. पुढच्या महिन्यात घरासाठी जे काही घ्याल, त्याची एका वहीत चार रकाने आखून नोंद करा : सांगितलेला भाव, दिलेला भाव, वजन किंवा माप, आणि सहा महिन्यांनी माल कसा आहे. पहिल्या दोन रकान्यांतला फरक पाहून आपल्याला आनंद होतो. स्वस्त काय पडले, ते मात्र चौथा रकाना भरल्यावर समजते. आमच्या वहीत १९९८ च्या गाद्यांची नोंद अजून आहे. पहिल्या दोन रकान्यांत आमची सर्वांत मोठी फत्ते, आणि चौथ्यात एकच शब्द : चिंध्या.